तपकिरी ठिपक्यांची मोजणी : जनुक जागच्या जागी पाहण्याच्या तंत्राचा इतिहास

स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणी अहवालात ‘हर-२’ या शब्दापुढे कधी कधी ‘२+’ असा शेरा असतो. ० किंवा १+ असेल तर उत्तर ‘नाही’, ३+ असेल तर ‘होय’. पण २+ म्हणजे संदिग्ध. या संदिग्धतेवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. हर-२ असेल तर वर्षभर, दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब हे औषध द्यायचे. नसेल तर तेच औषध देणे म्हणजे पैशांचा अपव्यय आणि हृदयावर विनाकारण ताण. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांतील ज्यांच्या अहवालावर २+ उमटते, त्यांचा निर्णय अखेरीस चार-पाच मायक्रोमीटर जाडीच्या एका कापावर येऊन ठेपतो.

त्या कापातील पेशींच्या निळसर केंद्रकांत तपकिरी ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे हर-२ जनुकाची एक प्रत. विकृतिशास्त्रज्ञ ते ठिपके मोजतो. दोन-तीन असतील तर जनुक सामान्य आहे. गुच्छच्या गुच्छ असतील तर जनुकाचे प्रवर्धन झाले आहे, म्हणजे पेशीने त्या जनुकाच्या भरमसाट प्रती करून ठेवल्या आहेत. या तंत्राचे नाव ‘क्रोमोजेनिक इन सिटू हायब्रिडायझेशन’, संक्षेपाने ‘सिश’. ‘इन सिटू’ या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘जागच्या जागी’. पेशी फोडून, डीएनए बाहेर काढून तपासायचा नाही. तो जिथे आहे तिथेच, त्या पेशीच्या घरातच पाहायचा. ही कल्पना प्रत्यक्षात यायला आणि मग साध्या सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचायला तीन दशके लागली.

बेडकाच्या अंडपेशीतील चांदीचे कण

डीएनएचे दोन धागे उष्णतेने किंवा अल्कलीने विलग होतात आणि परिस्थिती अनुकूल झाली की आपापला पूरक जोडीदार शोधून पुन्हा जुळतात, हे १९६० च्या सुमारास ज्युलियस मार्मर आणि पॉल डॉटी यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी बेंजामिन हॉल आणि सोल स्पीगलमन यांनी डीएनएचा एक धागा आणि त्याला पूरक असलेला आरएनएचा धागा यांची जोडी जमवून दाखवली. या संकरित जोडीलाच ‘हायब्रिड’ म्हणतात. परंतु हे सारे परीक्षानळीत घडत होते. कोणत्या पेशीत, केंद्रकाच्या कोणत्या कोपऱ्यात ते जनुक होते, याचा पत्ता डीएनए बाहेर काढताक्षणीच हरवत असे.

येल विद्यापीठातील जोसेफ गॉल आणि त्यांची विद्यार्थिनी मेरी-लू पार्ड्यू यांनी १९६९ मध्ये तो पत्ता जपण्याची युक्ती शोधली. त्यांनी आफ्रिकी झेनोपस बेडकाच्या अंडाशयातील पेशी काचपट्टीवर दाबून पसरवल्या आणि त्या जागच्या हलू नयेत म्हणून त्यांवर आगारचा पातळ थर दिला. मग अल्कलीने डीएनएचे धागे जागेवरच विलग केले आणि त्यांवर किरणोत्सारी ट्रिटियमने चिन्हांकित केलेला रायबोसोमचा आरएनए सोडला. पूरक धागे सापडले तिथे तो आरएनए चिकटला. उरलेला धुऊन टाकला. शेवटी काचपट्टीवर छायाचित्रणाच्या फिल्मवर असते तसे इमल्शन चढवून ती अंधारात ठेवली. ट्रिटियममधून निघणारे बीटा कण फार क्षीण असतात. इमल्शनमध्ये ते साधारण एक मायक्रोमीटरच जातात. हा क्षीणपणाच इथे उपयोगी पडला. कण दूर जात नसल्याने चांदीचे काळे कण जनुकाच्या अगदी लगतच उमटले.

गॉल आणि पार्ड्यू यांनी नेमके हेच लक्ष्य का निवडले, हे पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. झेनोपसच्या अंडपेशीत रायबोसोमच्या जनुकांचे प्रचंड प्रवर्धन झालेले असते. एकाच जनुकाच्या असंख्य प्रती एके ठिकाणी असल्यामुळे संकेत ठळक मिळण्याची खात्री होती. म्हणजे इन सिटू हायब्रिडायझेशनने सर्वप्रथम जे पाहिले ते जनुकांचे प्रवर्धनच होते. बेडकात ते अंड्याच्या वाढीसाठी आवश्यक असे नैसर्गिक कार्य होते. तीस वर्षांनंतर हेच तंत्र माणसाच्या गाठीतील घातक प्रवर्धन शोधणार होते.

एडिनबरा ते हैदराबाद

त्याच वर्षी एडिनबरामध्ये ह्यू जॉन, मॅक्स बर्नस्टील आणि केनेथ जोन्स यांनीही स्वतंत्रपणे हेच साधले. या शाखेशी भारताचा थेट संबंध आहे. बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर संशोधन करून आलेले लालजी सिंग १९७० च्या दशकात एडिनबरामध्ये जोन्स यांच्यासोबत काम करू लागले. पट्टेरी मण्यार या सापाच्या मादीच्या लिंग-गुणसूत्रात त्यांना डीएनएचा एक वारंवार आवर्तित होणारा क्रम सापडला. त्याला ‘बीकेएम’ म्हणतात. हाच क्रम शोधक धागा म्हणून, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत ‘प्रोब’ म्हणून, वापरून सिंग आणि जोन्स यांनी १९८२ मध्ये एक कोडे सोडवले. दोन एक्स गुणसूत्रे असूनही काही उंदीर नर का होतात? काचपट्टीवरील गुणसूत्रांतच उत्तर दिसले. वाय गुणसूत्राचा एक तुकडा एक्सच्या टोकाला जाऊन चिकटला होता. पुढे सिंग हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये आले आणि बीकेएमपासूनच बनवलेल्या प्रोबच्या आधारे भारतात डीएनए ठशांचे तंत्र उभे राहिले.

पण किरणोत्सारी प्रोबवर आधारलेले तंत्र संशोधकांच्याच हाती राहणार, हे उघड होते. इमल्शन अंधारात आठवडे, कधी महिने ठेवावे लागे. किरणोत्सारी द्रव्ये हाताळण्याचे परवाने, सुरक्षा, विल्हेवाट हे सारे रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागाला परवडणारे नव्हते. शिवाय ज्या रुग्णाचे उपचार ठरायचे आहेत, तिला महिनाभर थांबवणार कसे?

अंड्याचा बलक, मुळा आणि तपकिरी रंग

उत्तराचे सुटे भाग मात्र वेगवेगळ्या ठिकाणी तयार होत होते. १९६६ मध्ये रिचर्ड ग्रॅहम आणि मॉरिस कार्नोव्हस्की यांनी उंदराच्या मूत्रपिंडात प्रथिने कशी शोषली जातात हे पाहण्यासाठी एक रंगक्रिया वापरली. हॉर्सरॅडिश या मुळ्याच्या कुळातील तिखट कंदातून मिळणारे पेरॉक्सिडेज हे विकर, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डायअमिनोबेंझिडिन म्हणजे ‘डॅब’ हे रसायन एकत्र आले की डॅबचे ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी पदार्थ बनतो. हा पदार्थ पाण्यात वा अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. म्हणून रंग जिथे बनतो तिथेच बसतो, पसरत नाही. विकराचा एक रेणू डॅबच्या असंख्य रेणूंवर क्रिया करीत राहतो, त्यामुळे इवलासा संकेतही डोळ्यांना दिसेल इतका गडद होतो.

दुसरा भाग पुन्हा येलमध्येच तयार झाला. १९८१ मध्ये पेनिना लँगर, अ‍ॅलेक्स वॉल्ड्रॉप आणि डेव्हिड वॉर्ड यांनी डीएनएच्या घटकाला बायोटिन हे जीवनसत्त्व जोडून दाखवले. असा घटक डीएनएच्या धाग्यात सहज गुंफला जातो आणि धाग्याच्या जुळण्यात फारसा अडथळा आणत नाही. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला विलक्षण घट्ट धरते. मग प्रोबला बायोटिन, बायोटिनला अ‍ॅव्हिडिन, अ‍ॅव्हिडिनला पेरॉक्सिडेज आणि शेवटी डॅब अशी साखळी जोडली की किरणोत्साराची गरजच उरत नव्हती. १९८३ मध्ये वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी मेणात जतन केलेल्या ऊतींच्या कापांतही या रीतीने विषाणूंचा डीएनए रंगवून दाखवला. पुढे बायोटिनची जागा बऱ्याच ठिकाणी डिजिटॅलिस वनस्पतीतील डिजॉक्सिजेनिनने घेतली. यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांत मूळचेच बायोटिन असते आणि ते खोटा रंग देते. डिजॉक्सिजेनिन प्राण्यांच्या ऊतींत नसतेच.

तरीही मानवी जनुकांच्या बाबतीत पुढची दीड-दोन दशके रंगापेक्षा प्रकाशाला मान मिळाला. प्रोबला प्रतिदीप्त रंजक जोडले की काळ्या पार्श्वभूमीवर लाल-हिरवे बिंदू चमकतात. याला ‘फिश’ म्हणतात. एकाच वेळी दोन-तीन रंग वापरता येतात, बिंदू सुस्पष्ट दिसतात आणि मोजणी नेमकी होते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही सरस पद्धत होती, कारण अंधारात क्षीण प्रकाश ओळखणे हे उजेडात पुसट सावली ओळखण्यापेक्षा सोपे असते.

एका जनुकाचे महत्त्व

याच काळात हर-२ जनुकाची ओळख पटली. १९८५ मध्ये त्याचा क्रम उलगडला. १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी १८९ स्तनगाठी तपासल्या, तेव्हा सुमारे ३० टक्क्यांत हे जनुक प्रवर्धित आढळले. त्या स्त्रियांत रोग लवकर उलटत होता आणि आयुर्मान कमी होते. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हर-२ प्रथिनाला जखडणाऱ्या ट्रास्टुझुमॅबला मान्यता दिली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६९ रुग्णांच्या चाचणीत, पसरलेल्या कर्करोगात केमोथेरपीसोबत हे औषध दिल्यावर मध्यम आयुर्मान २०.३ महिन्यांवरून २५.१ महिन्यांवर गेले. परंतु अँथ्रासायक्लिन गटाच्या औषधांसोबत ते दिलेल्या रुग्णांपैकी २७ टक्क्यांत हृदयाच्या कार्यात बिघाड दिसला. ज्यांच्या गाठीत लक्ष्यच नाही त्यांना हे औषध देणे म्हणजे लाभाविना धोका. म्हणून औषधाइतकीच चाचणीही महत्त्वाची ठरली.

प्रथिन मोजणारी चाचणी स्वस्त होती, पण २+ च्या संदिग्ध गटात अडत होती. जनुक मोजणारी फिश अचूक होती, पण तिला प्रतिदीप्तीचा सूक्ष्मदर्शक, विशिष्ट फिल्टर, अंधारी खोली आणि प्रशिक्षित हात लागत. रंजकाचा रेणू ठरावीक फोटॉन देऊन निकामी होतो, म्हणून काचपट्टी काही काळाने फिकी पडते. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे काळोखात ठिपके दिसतात, पण ऊतीची रचना नीट दिसत नाही. समोरची पेशी आक्रमक कर्करोगाची, की दुग्धनलिकेच्या आतच थांबलेल्या सुरुवातीच्या रोगाची, की निरोगी, हे ठरवणे अवघड जाते. चुकीच्या पेशीतील अचूक मोजणीचा रुग्णाला काय उपयोग?

टँपेरेचा प्रयोग

फिनलंडमधील टँपेरे येथील मिन्ना टॅनर, योर्मा इसोला आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये या प्रश्नाला उत्तर दिले. त्यांनी प्रोब तोच ठेवला, शेवटची पायरी मात्र बदलली. प्रतिदीप्त रंजकाऐवजी पेरॉक्सिडेज आणि डॅब. १५७ स्तनगाठींवर फिश आणि सिश या दोन्ही चाचण्या करून पाहिल्या, तेव्हा निष्कर्ष चांगले जुळले. हे करायला लागत होता तो प्रत्येक विकृतिशास्त्र विभागात असलेला साधा सूक्ष्मदर्शक.

रीत थोडक्यात अशी. मेणाच्या ठोकळ्यातून कापलेला काप काचपट्टीवर घ्यायचा आणि मेण उतरवायचे. तापवून आणि पेप्सिन या पाचक विकराने प्रथिनांचे जाळे सैल करायचे, म्हणजे प्रोबला आत वाट मिळते. मग सुमारे ९५ अंश सेल्सियसला डीएनएचे धागे विलग करायचे आणि ३७ अंशांवर रात्रभर प्रोबला आपली जागा शोधू द्यायची. सकाळी धुऊन, प्रतिपिंड व विकर लावून रंग आणायचा आणि शेवटी हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी करायची. एक बारकावा विसरता येत नाही. मानवी डीएनएत सर्वत्र विखुरलेले आवर्ती क्रम असतात. ते प्रोबमध्ये राहिले तर प्रोब कुठेही चिकटतो. म्हणून ते आधी झाकावे लागतात किंवा प्रोबमधून वगळावे लागतात.

डीएनएचा धागा दोन नॅनोमीटर रुंद आणि दृश्य प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर. म्हणजे ठिपका दिसतो तो जनुकाचा नव्हे, जनुकावर साचलेल्या रंगाचा. म्हणूनच प्रवर्धित पेशीत ठिपके एकमेकांत मिसळून ढग दिसतो आणि नेमकी संख्या सांगता येत नाही; पण तेव्हा ती सांगण्याची गरजही नसते. अडचण येते ती मधल्या प्रदेशात. काप केंद्रकाहून पातळ असल्याने काही केंद्रके अर्धीच कापली जातात आणि ठिपके कमी भरतात. उलट, पेशीत सतराव्या गुणसूत्राच्याच जादा प्रती असतील तर जनुकाचे प्रवर्धन नसतानाही ठिपके वाढतात. एकरंगी सिशला हा फरक कळत नाही. यावर उपाय म्हणून द्विरंगी पद्धत आली. तीत हर-२ आणि सतराव्या गुणसूत्राचा मध्यबिंदू वेगवेगळ्या रंगांत मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. अमेरिकेत एकरंगी सिशला २००८ मध्ये आणि द्विरंगी चाचणीला २०११ मध्ये मान्यता मिळाली. आजच्या प्रचलित निकषांनुसार गुणोत्तर २ किंवा अधिक आणि प्रति पेशी सरासरी प्रती ४ किंवा अधिक असतील तर प्रवर्धन मानले जाते.

नागालँडपासून बंगळूरपर्यंत

या रंगाचा उपयोग हर-२ पुरता नाही. एपस्टाइन-बार विषाणू पेशीत ‘ईबर’ नावाचे दोन लहान आरएनए प्रचंड संख्येने बनवतो. एका पेशीत त्यांच्या लाखो प्रती असू शकतात. इतके मुबलक लक्ष्य असल्याने सिशने तो विषाणू सहज ओळखता येतो. नाकाच्या मागच्या पोकळीतील कर्करोगात आणि हॉजकिन लिम्फोमाच्या अनेक रुग्णांत हा विषाणू सापडतो. नाकामागचा हा कर्करोग भारतात इतरत्र विरळ असला तरी नागालँडमध्ये त्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त आहे. तिथल्या रुग्णाच्या मानेतील गाठीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या आणि मूळ जागा कळेना, तर ईबरचा रंग नाकाच्या मागे बोट दाखवतो.

हर-२ च्या बाबतीत भारतातील चित्र औषधाने बदलले. नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय औषध नियंत्रकांनी बंगळूरच्या बायोकॉनने मायलनच्या साथीने विकसित केलेल्या ट्रास्टुझुमॅबच्या जैवसदृश औषधाला मान्यता दिली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रास्टुझुमॅबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. औषध आवाक्यात येऊ लागले, तसे चाचणीचे उत्तर निर्णायक ठरू लागले. जे औषध परवडतच नाही, त्याची चाचणी करून उपयोग नसतो. ते परवडू लागले की चुकलेल्या चाचणीची किंमत रुग्ण मोजतो.

आणि चाचणी चुकते ती बहुधा प्रोबमुळे नव्हे, त्याच्या आधी. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये गेली पाहिजे. फॉर्मालिन १० टक्क्यांचे आणि आम्लता संतुलित केलेले हवे. काल ६ ते ७२ तासांच्या दरम्यान हवा. फॉर्मालिन ऊतीत सावकाश शिरते, म्हणून मोठी गाठ अखंड बरणीत टाकली तर बाहेरचा थर जतन होतो आणि आतला भाग नासत जातो. पावाच्या लादीसारखे काप देऊनच ती बुडवावी लागते. संतुलन नसलेले, आम्ल झालेले फॉर्मालिन डीएनएचे तुकडे करते. हाडात पसरलेल्या कर्करोगाचा नमुना तीव्र आम्लात मऊ केला, तर प्रोबला चिकटायला धडका धागाच उरत नाही. अशा कापात ठिपके दिसत नाहीत, आणि न दिसलेला ठिपका व नसलेला ठिपका यांतला फरक सूक्ष्मदर्शक सांगत नाही. म्हणून काळजीपूर्वक वाचणारा विकृतिशास्त्रज्ञ आधी त्याच कापातील निरोगी पेशी पाहतो. तिथे अपेक्षित दोन ठिपके दिसले, तरच तो शेजारच्या कर्करोगाच्या पेशींतील उत्तरावर विश्वास ठेवतो. निरोगी पेशीही रिकाम्या असतील, तर ‘नाही’ असा शेरा न देता चाचणी पुन्हा करायची असते.

गेल्या काही वर्षांत प्रश्नही बदलला आहे. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन हे औषध हर-२ प्रथिन अल्प प्रमाणात असलेल्या, म्हणजे १+ किंवा जनुकाचे प्रवर्धन नसलेल्या २+ गाठींतही उपयोगी ठरल्याचे दिसले. काल ज्या उत्तराला सरळ ‘नाही’ म्हणत, त्यातही आता पोटभेद आले. पाठोपाठच्या तंत्रांत जनुकांचे संपूर्ण क्रम वाचणेही आले आहे. मात्र ती तंत्रे बहुतेक वेळा ऊती दळून, निरोगी आणि रोगट पेशी एकत्र करून उत्तर देतात. कोणत्या पेशीत काय आहे, हे अजूनही काचपट्टीवरच कळते.

गॉल आणि पार्ड्यू यांना बेडकाच्या अंडपेशीत प्रवर्धित जनुके कुठे आहेत हे पाहायचे होते. त्या जिज्ञासेतून आलेले तंत्र आज जिल्ह्याच्या गावातून आलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर वापरले जाते. प्रोब सुधारले, किरणोत्सार गेला, अंधारी खोली गेली, सूक्ष्मदर्शक साधा चालतो. उरली आहे ती पहिल्या तासातली शिस्त. शस्त्रक्रियागृहातून निघालेली बरणी, तीत पुरेसे फॉर्मालिन, आणि तिच्यावर लिहिलेली वेळ.